दार उघडं होतं, मग गेला का नाहीस?

परदेशातल्या नोकरीचं आमिष दाखवून नेलेल्या कामगारांचे खटले चालवायला जे नवे वकील येतात, त्यांना मी आधी एक प्रश्न कागदावर उतरवून घ्यायला सांगते: दार उघडं होतं, मग तू गेला का नाहीस? उलटतपासणीत हा प्रश्न येतोच. साखळदंड आणि कुलपं असलेली प्रकरणं थोडी. बहुतेक कामगार बाजारात जाऊन येत असतो, फोन त्याच्याजवळ असतो, घरी तो 'बरं चाललंय' म्हणून कळवत असतो. या प्रश्नाचं उत्तर साक्षीदाराने कठड्यात उभं राहून द्यावं अशी अपेक्षा ठेवलीत, तर खटला तिथेच ढासळतो. ते उत्तर त्याआधीच कागदपत्रांतून न्यायालयापुढे आलेलं असावं लागतं. माझ्या अनुभवात ते बहुतेक वेळा त्याच्या कर्जात सापडतं.

कायदा समजायला तसा अवघड नाही. मानवी तस्करीविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००० सालच्या पालेर्मो प्रोटोकॉलचं तिसरं कलम पाठ करा; तस्करीची व्याख्या त्यात आहे. अनेक देशांचे कायदे त्यावरच बेतलेले आहेत. भरती करणं, नेणं, ठेवून घेणं ही कृती; बळजबरी, फसवणूक किंवा असहायतेचा गैरफायदा हे साधन; आणि शोषण हा हेतू. प्रौढ व्यक्तीच्या बाबतीत तिन्ही सिद्ध करावं लागतं, मुलांच्या बाबतीत साधन सिद्ध करायची गरज नसते. साधन सिद्ध झालं की 'त्याने स्वतःच सही केली होती' हा बचाव उरत नाही. शिवाय हेतू पुरेसा असतो, शोषण प्रत्यक्षात घडलेलंच असावं असं नाही. पैसे घेऊन चोरट्या वाटेने सीमा पार करून देणं हा वेगळा गुन्हा आहे, त्याची यात गल्लत करू नका. तस्करीतल्या माणसाचा व्हिसा अगदी खरा असू शकतो.

या कामात येणाऱ्या प्रत्येकाने 'चौधरी आणि इतर विरुद्ध ग्रीस' हा निकाल मुळातून वाचावा. ग्रीसमधल्या मानोलादाच्या स्ट्रॉबेरीच्या मळ्यांवरचे हे बांगलादेशी कामगार. सात तासांचे २२ युरो कबूल केलेले, प्रत्यक्षात सशस्त्र पहारेकऱ्यांच्या नजरेखाली रोज बारा तास काम आणि मजुरी थकलेली. एप्रिल २०१३ मध्ये त्यांनी पैसे मागितले, तेव्हा एका पहारेकऱ्याने गोळीबार केला आणि अनेकजण जखमी झाले. तरीही २०१४ मध्ये तिथल्या न्यायालयाने तस्करीच्या आरोपातून सगळ्यांना सोडून दिलं. कारण काय, तर कामगारांना निघून जायची मोकळीक होती. २०१७ मध्ये युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने ही भूमिका फेटाळली. मालक कामगाराच्या असहायतेचा फायदा घेऊन त्याला राबवत असेल, तर ते काम स्वेच्छेचं ठरत नाही, आधी दिलेली संमतीही पुरेशी नाही, असं त्या न्यायालयाने म्हटलं. उघड्या दाराचा प्रश्न न्यायाधीशांनाही कसा चकवतो, ते या प्रकरणात दिसतं.

आता कर्जाकडे वळू. प्रत्येक कामगारामागे एक तक्ता करायचा: कबूल केलेला पगार, हातात पडलेला पगार, राहण्या-खाण्याची कपात, दलालाला दिलेली रक्कम, त्यावरचं व्याज. अमेरिकेत कतरिना वादळानंतर सिग्नल इंटरनॅशनल या कंपनीसाठी भारतातून वेल्डर आणि पाइपफिटर नेण्यात आले. ग्रीन कार्डच्या आशेवर त्यांनी प्रत्येकी दहा-वीस हजार डॉलर भरले होते, आणि छावणीत राहण्यापोटी त्यांच्या पगारातून महिन्याला १,०५० डॉलर कापले जात होते. २०१५ मध्ये ज्युरीने पाच कामगारांना सुमारे १४ दशलक्ष डॉलरची भरपाई मंजूर केली. तो दावा दिवाणी होता, फौजदारी खटल्यात पुराव्याची कसोटी याहून कडक असते, पण मांडणी शिकण्यासारखी आहे. नोकरी सोडली की व्हिसा जातो, व्हिसा गेला की कमाई थांबते, व्याज मात्र चढतच राहतं. एवढं आकड्यांत दिसलं, की दार उघडं असूनही माणूस का थांबतो ते वेगळं समजवावं लागत नाही.

अडचण अशी की दलाल पैसे रोख घेतो आणि पावती देत नाही. मग आडून पुरावा जमवावा लागतो: दागिने गहाण ठेवल्याची पावती, जमीन विकल्याचा दस्त, बँकेतून काढलेली रोकड आणि त्याच दिवशी दलालाला लावलेला फोन. एका खटल्यात आमच्या हाती कामगाराची खिशातली वही आली. डावीकडे रोजचे तास, रेघा मारून. उजवीकडे घरच्या कर्जाचं व्याज. पगाराच्या रकान्यात ओळीने 'पुढच्या महिन्यात'. मालकाच्या हजेरीपटावर त्याच दिवसांपुढे आठ-आठ तास लावलेले होते, पण गेटवरच्या नोंदवहीतल्या वेळा या रेघांशी जुळत होत्या. बचावपक्षाने वहीवर बराच वेळ घालवला. वही टिकली ती त्या गेटच्या नोंदींमुळे.

दलालाचा ठरलेला बचाव म्हणजे 'मलाही तिकडच्यांनी फसवलं.' कधीकधी ते खरंही असतं; गावपातळीवरचा दलाल बरेचदा पूर्वीचा कामगारच असतो, आणि त्याला एकट्याला शिक्षा झाली म्हणून धंदा थांबत नाही. त्याला ठाऊक होतं की नव्हतं, हे शोधायला आधीच्या तुकडीकडे जा. त्या लोकांनी फोन करून 'पगार मिळत नाही' म्हणून सांगितल्यावरही हा माणूस नव्यांना तोच पगार कबूल करत राहिला असेल, तर बचाव संपला. व्हॉइस मेसेज इथे फार मोलाचे असतात. नुसत्या स्क्रीनशॉटवर विसंबू नका, मूळ फोन रीतसर ताब्यात घ्या आणि कामगाराला दुसरा फोन मिळेल हेही बघा, घरच्यांशी बोलायला त्याच्याकडे तेवढंच साधन असतं.

जबाब एका बैठकीत उरकू नका. पहिल्या भेटीत बरेच कामगार 'माझी काही तक्रार नाही' म्हणतात, आणि हे वाक्य पुढे तुमच्यासमोर ठेवलं जाणार हे धरून चाला. तारखा विचारू नका. घरी पैसे केव्हा पाठवले ते विचारा आणि त्यावरून तारखा लावा. दुभाषा भरती करणाऱ्यांच्या ओळखीतला नाही ना, याची आधी खात्री करा. हे काम कंटाळवाणं आहे, पण खटला बहुतेक इथेच जिंकला किंवा हरला जातो.

सीमेपलीकडचा पुरावा मागायचा रस्ता म्हणजे परस्पर कायदेशीर साहाय्याची विनंती. संयुक्त राष्ट्रांच्या संघटित गुन्हेगारीविरोधी कराराच्या अठराव्या कलमात तिची तरतूद आहे, साक्षीदाराची साक्ष व्हिडिओद्वारे घेण्याचीही. उत्तराला महिनोन्‌महिने लागतात. म्हणून आधी तिकडच्या पोलिसांशी अनौपचारिक बोलून घ्या, नेमकं काय आणि कुठे आहे ते कळलं की मग लेखी मागा. 'सर्व संबंधित कागदपत्रे' असं लिहिलेली विनंती धूळ खात पडते. फोन आणि बँकेच्या नोंदी जपून ठेवण्याची सूचना मात्र पहिल्याच दिवशी जायला हवी. आणि साक्षीदारच परत पाठवला गेला तर काय उरतं? युरोप परिषदेच्या २००५ च्या करारात पीडिताला सावरायला किमान ३० दिवसांची मुदत आहे. तुमच्या देशात अशी सोय असेल तर ती लगेच मागा.

आरोपपत्रात तस्करीबरोबर फसवणूक, वेतन थकवणं, पासपोर्ट अडकवणं ही कलमंही लावा, पण सोपं म्हणून नुसत्या फसवणुकीवर समाधान मानू नका. शिक्षा झाली तरी कामगाराचं कर्ज तसंच असतं. भरपाई मिळण्याची सोय कायद्यात असावी असं पालेर्मो प्रोटोकॉलचं सहावं कलम सांगतं. तेव्हा आरोपींची खाती आणि मालमत्ता गोठवण्याचा अर्ज तपासाच्या सुरुवातीलाच करा आणि कर्जाचा तो तक्ता त्याला जोडा. निकाल लागेपर्यंत थांबलात, तर भरपाईचा आदेश हातात येतो पण खात्यात वसूल करण्याजोगं काही शिल्लक नसतं.