क्लेमसेंटरमध्ये नवी एंटिटी कशी जोडावी: संत्रा बागेच्या पाहणीचं उदाहरण

क्लेमसेंटर हे गाइडवायर कंपनीचं विमा दावे हाताळणारं सॉफ्टवेअर, आणि एंटिटी म्हणजे त्यातला दावा (क्लेम) किंवा पाहणी यांसारखा एक नोंदप्रकार, ज्याचं डेटाबेसमध्ये स्वतःचं टेबल असतं. आधी ठरवा, नवी एंटिटी लागतेच का. एका दाव्यामागे माहिती एकदाच येत असेल तर क्लेमच्या ईटीएक्स फाइलमध्ये (असलेल्या एंटिटीत भर घालणारी फाइल) एक कॉलम वाढवा, काम झालं. पण काटोल-नरखेडकडचा गारपिटीचा दावा घ्या. बाग तीन गटांत विभागलेली, कुठे आंबिया बहार, कुठे मृग, आणि प्रत्येक गटाची पाहणी वेगळी. अशा वेळी ‘गट १, गट २, गट ३ असे कॉलम क्लेमवरच टाका’ हा सल्ला नागपुरात मिहानपासून परसोडीच्या आयटी पार्कपर्यंत कुठेही मिळतो. तो अजिबात ऐकू नका. चार गट असलेला शेतकरी आला की डेटा मॉडेल पुन्हा उघडावं लागतं, आणि एकूण बाधित क्षेत्र काढायला प्रत्येक रिपोर्टमध्ये कॉलमांची बेरीज लिहीत बसावं लागतं.

फाइल: स्टुडिओत (गाइडवायरच्या कॉन्फिगरेशनच्या साधनात) एक्स्टेन्शन्सखालच्या एंटिटी फोल्डरवर उजवी क्लिक करून नवी एंटिटी घ्या. नाव ऑर्चर्डइन्स्पेक्शन_एक्स्ट, प्रकार रिटायरेबल (डिलीट केलेली ओळ पुसली जात नाही, फक्त बाद ठरते). ‘_एक्स्ट’ गाळू नका. पुढच्या आवृत्तीत गाइडवायरनेच त्या नावाची एंटिटी आणली तर टक्कर होते. मेटाडेटा फोल्डरमधल्या मूळ फाइलींना हात लावायचा नाही.

फील्ड्स: इथे सातबारा समोर ठेवा. गट क्रमांक इंटिजर (पूर्णांक) नव्हे, व्हारकॅर (मजकूर). कारण तो ‘११२/२अ’ असाही असतो. क्षेत्र डेसिमल, आणि स्केल ४. दोन दशांश पुरतील असं सगळ्यांना वाटतं, पण सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर आणि चौरस मीटर असं येतं. एक आर म्हणजे हेक्टरचा शंभरावा भाग आणि एक चौरस मीटर म्हणजे ०.०००१ हेक्टर. स्केल २ ठेवलं तर १.२०.५० मधले शेवटचे ५० चौरस मीटर नोंदवताच येत नाहीत, आणि विमाक्षेत्राशी ताळा करताना प्रत्येक ओळ थोडी थोडी चुकते. पाहणीची तारीख डेटओन्ली. बहारासाठी टाइपलिस्ट (ठरावीक पर्यायांची यादी) करा. एकदा डेटा भरला की त्यातला कोड पुसायचा नाही, रिटायर करायचा.

आता नातं. सगळ्यात जास्त सर्व्हर इथेच अडकतात.

क्लेमवर ॲरे (त्या दाव्याच्या सगळ्या पाहण्यांची यादी) टाकला की नातं जुळलं, असं समजू नका. ॲरे डेटाबेसमध्ये कॉलम म्हणून कुठेच नसतो. खरा कॉलम पाहणीच्या बाजूला असतो: क्लेमकडे जाणारी फॉरेन की, म्हणजे पाहणी कुठल्या दाव्याची ते सांगणारा दुवा. म्हणून आधी पाहणीच्या ईटीआय फाइलमध्ये (नव्या एंटिटीची व्याख्या असलेली फाइल) क्लेमची फॉरेन की लिहा, नलओके फॉल्स ठेवून (म्हणजे ती रिकामी चालणार नाही), आणि मगच क्लेमच्या ईटीएक्समध्ये ॲरे. पाहणीतून क्लेमकडे दोन फॉरेन की जात असतील (चालू दावा आणि मागच्या हंगामाचा दावा), तर ॲरेवर ॲरेफील्ड देऊन कुठली की धरायची ते सांगावंच लागतं.

ॲरेवर ट्रिगर्सव्हॅलिडेशन ट्रू करा. मुळात ते फॉल्स असतं, त्यामुळे सर्व्हेअरने बाधित क्षेत्र बागेपेक्षा मोठं लिहिलं तरी क्लेमवरचे नियम चालत नाहीत आणि नोंद मुकाट्याने सेव्ह होते. दुसऱ्या एंटिटीची ईटीआय फाइल कॉपी करून नाव बदलणाऱ्यांकडून नेमकं हेच निसटतं. आर्काइव्हिंग (जुने दावे बाजूला साठवणं) चालू असेल तर ईटीआयमध्ये एक्स्ट्रॅक्टेबल डेलिगेटही जोडा, कारण पाहणी क्लेमच्या डोमेन ग्राफमध्ये, म्हणजे दाव्याबरोबरच आर्काइव्ह होणाऱ्या एंटिटींच्या जाळ्यात येते.

युनिक इंडेक्सबद्दल नीट वाचा. एका दाव्यात एका गटाची एका तारखेला एकच पाहणी हवी, म्हणून क्लेम, गट क्रमांक आणि तारीख यांवर युनिक इंडेक्स टाकला जातो. चाचणीत तो बिनबोभाट चालतो. मग सर्व्हेअर चुकीची नोंद डिलीट करतो, तीच पुन्हा भरतो आणि डुप्लिकेटची एरर येते. रिटायरेबल एंटिटीची ओळ डिलीट केल्यावर टेबलमधून जात नाही. तिच्या रिटायर्ड कॉलममध्ये शून्याच्या जागी त्याच ओळीचा आयडी बसतो. म्हणून रिटायर्ड कॉलम युनिक इंडेक्समध्ये घ्यायचाच. यात पर्याय नाही.

सर्व्हर रीस्टार्ट करा. ऑटोअपग्रेड चालू असेल तर टेबल आपोआप तयार होतं.

स्क्रीनसाठी लिस्ट व्ह्यूमध्ये (ओळींची यादी दाखवणारा भाग) ओळ जोडताना ॲरेबरोबर आपोआप मिळणारी ‘ॲडटू’ मेथड वापरा, म्हणजे फॉरेन की हाताने भरावी लागत नाही. एंटिटीचं डिस्प्ले नेमही लगेच भरा.

पुढे कॉलम वाढवायची वेळ येईल. भरलेल्या टेबलमध्ये नलओके फॉल्स कॉलम टाकताना डिफॉल्ट द्या. नाहीतर जुन्या ओळींसाठी किंमत नसल्यामुळे अपग्रेड तिथेच थांबतं. रिकाम्या लोकल डेटाबेसवर हा दोष दिसत नाही आणि दर वेळी डेटाबेस ड्रॉप करणाऱ्याला तर कधीच दिसणार नाही. म्हणून प्रत्येक बदल प्रॉडक्शनच्या, नावं-पत्ते झाकलेल्या प्रतीवर एकदा चालवा, अपग्रेडचा लॉग शेवटपर्यंत वाचा, आणि डेटा डिक्शनरी (सगळ्या एंटिटी आणि फील्ड्सची सूची) नव्याने तयार करून क्लेमच्या पानावर ॲरे व पाहणीच्या पानावर फॉरेन की, दोन्ही दिसतात का ते पाहा.