शफल लावूनही तीच तीच गाणी? फूबार २००० मधला उपाय

संगणकावर गाणी वाजवायच्या फूबार २००० या सॉफ्टवेअरमध्ये गाण्यांचा ढीग, पण वाजायची तीच तीच. फोल्डर बदलले, प्लेलिस्ट नव्याने केली, काही फरक नाही. जाम वैताग आला राव!

शफल समजून लावलेलं निघालं प्लेबॅक ऑर्डरमधलं, म्हणजे वाजवायच्या क्रमातलं, ‘रँडम’. ते दरवेळी नव्याने चिठ्ठी उचलतं, वाजलेली चिठ्ठीही परत डब्यात. हजार गाणी असतील तर हजार वेळा वाजवूनही साधारण ३७ टक्के शिल्लकच राहतात.

आधी ‘लायब्ररी’तून ‘अल्बम लिस्ट’ उघडा. सगळ्यात वरच्या ‘ऑल म्युझिक’वर राइट क्लिक करून सगळं नव्या प्लेलिस्टमध्ये पाठवा. मग ‘प्लेबॅक’, ‘ऑर्डर’, ‘शफल ट्रॅक्स’. यात वाजलेली चिठ्ठी लगेच परत डब्यात जात नाही. ‘शफल अल्बम्स’ नको, त्यात अख्खा अल्बम सलग वाजतो.

महाद्वार रोडवर घेतलेल्या कॅसेटवरून उतरवलेला पोवाडा काल लागला, डफाआधीच्या खरखरीसकट.