प्लाझ्मा कोटिंग केलं तरी कॅथेटरवर बॅक्टेरिया बसतायत? या चुका टाळा

सिलिकॉन रबराच्या फोली कॅथेटरवर (लघवीसाठी मूत्राशयात ठेवतात ती नळी, टोकाला फुगणारा बलून असलेली) प्लाझ्माने, म्हणजे कमी दाबाच्या वायूत वीज सोडून, पॉलिमरचा पातळ थर चढवायचा, म्हणजे बॅक्टेरिया चिकटणार नाहीत किंवा चिकटले तरी मरतील, आयडिया एवढीच. पण रिझल्ट खराब आला की लोक लगेच मोनोमर (ज्या रसायनापासून थर बनतो ते) बदलायला धावतात, अलायलअमाइन झालं की अ‍ॅक्रिलिक अ‍ॅसिड, तेही नाही जमलं की टी ट्री ऑइलमधलं टर्पिनेन-४-ऑल, ज्याच्यावर ऑस्ट्रेलियात जेम्स कुक युनिव्हर्सिटीत बरंच काम झालंय. माझं म्हणणं, केमिस्ट्रीला शेवटी हात लावा. बहुतेक वेळा एकतर कोटिंग टेस्टला घेतलेल्या तुकड्यावर उरलेलंच नसतं, नाहीतर टेस्ट भलत्याच गोष्टीची चाललेली असते.

पेपरमधले वॉट जसेच्या तसे उचलू नका

पेपरमध्ये ५० वॉट लिहिलंय म्हणून आपणही ५० लावले, याला काही अर्थ नाही, चेंबर वेगळा, इलेक्ट्रोड वेगळे, फ्लो वेगळा. प्लाझ्मा पॉलिमरवर काम करणारे संशोधक यासुदा यांनी १९७० च्या दशकातच सांगून ठेवलंय की पॉवरला मोनोमरचा फ्लो आणि मॉलिक्युलर वेट यांच्या गुणाकाराने भागा, म्हणजे दर ग्रॅम मोनोमरमागे किती एनर्जी जातेय ते कळतं. ती कमी ठेवली की अमाइन किंवा अ‍ॅसिडचे ग्रुप शाबूत राहतात, वाढवली की ते तुटतात पण फिल्म घट्ट होते.

फ्लोमीटर नसला तरी अडत नाही. मोनोमर चालू, प्लाझ्मा बंद, मग पंपाचा व्हॉल्व्ह बंद करा आणि गेजवर प्रेशर मिनिटाला किती चढतंय ते बघत बसा. १० लिटरच्या चेंबरमध्ये मिनिटाला ०.१ मिलिबार चढलं तर फ्लो साधारण १ एससीसीएम (मिनिटाला १ घनसेंटिमीटर वायू, प्रमाण दाब-तापमानाला) धरा. आता मोनोमरचा नळही बंद करून हेच परत करा. तरीही मिनिटाला ०.०१ चढतंय? म्हणजे मोनोमरच्या दहाव्या हिश्श्याएवढं काहीतरी आपोआप आत येतंय, बहुतेक हवाच. मग फिल्ममध्ये एवढा ऑक्सिजन कुठून आला म्हणून एक्सपीएसवाल्याशी (पृष्ठभागावर कोणती मूलद्रव्यं आहेत ते सांगणारी तपासणी) हुज्जत घालू नका, आधी ओ-रिंग, म्हणजे चेंबरच्या सांध्यातली रबरी सील, बघा. आणि चेंबरमध्ये आधी कोणी एचएमडीएसओ (सिलिकॉन असलेला एक मोनोमर) चालवलं असेल तर भिंतीवरचं सिलिकॉन तुमच्या फिल्ममध्ये येणारच, ऑक्सिजन प्लाझ्माने साफ केल्याशिवाय सुरूच करू नका.

फिल्म पाण्यात टिकते का हे न बघताच बॅक्टेरिया सोडणं

ही सगळ्यात मोठी चूक, आणि सगळ्यात जास्त होणारी. कमी पॉवरवर केलेली अमाइन किंवा अ‍ॅसिडची फिल्म पाण्यात फुगते, थोडी विरघळते, कधी पापुद्र्यासारखी निघून येते. त्यातून गंमत अशी की न जोडले गेलेले छोटे तुकडे पाण्यात उतरतात आणि तेच बॅक्टेरिया मारतात, पहिल्या टेस्टला रिझल्ट झकास, तोच तुकडा धुऊन परत लावला की काहीच नाही! म्हणून आधी पीबीएसमध्ये (फॉस्फेट घातलेलं मिठाचं पाणी) ३७ डिग्रीला २४ तास भिजवा, धुवा, वाळवा आणि जाडी परत मोजा. हे सोबत ठेवलेल्या सिलिकॉन वेफरवर (हे रबर नव्हे, चिप बनवतात ती चकती) सोपं जातं, एक्सपीएस वरचे जेमतेम १० नॅनोमीटर बघतं, त्यामुळे ५० नॅनोमीटरच्या फिल्मखालून वेफरचं सिलिकॉन दिसायला लागलं की समजा फिल्म गेली किंवा तडकली.

पण वेफरवर टिकली म्हणून कॅथेटरवर टिकेलच असं नाही हां. सिलिकॉन रबरातून छोट्या साखळ्या सतत वर येत असतात. आणि चिकटावं म्हणून आधी ऑक्सिजन प्लाझ्मा जोरात मारला तर वर काचेसारखा ठिसूळ थर होतो, तो वाकवल्यावर तडकतो. आधीची ट्रीटमेंट हलकी ठेवा, मग सुरुवात जास्त पॉवरवर करून हळूहळू कमी करा, म्हणजे खाली घट्ट आणि वर ग्रुपवाला थर मिळतो. बलून फुगवून परत बघायचं विसरू नका, सपाट तुकड्यावरची सुंदर फिल्म तिथे हमखास फाटते.

आतली नळी: कॅथेटर चेंबरमध्ये ठेवला म्हणजे आतूनही कोटिंग झालं असं धरू नका. लांब अरुंद नळीत लो प्रेशर प्लाझ्मा सहसा शिरत नाही, आणि बॅक्टेरिया तर बाहेरून चढतात तसे आतूनही चढतात. नळी उभी चिरून आतला भाग तपासा.

चुकीची टेस्ट

आयएसओ २२१९६ या स्टँडर्ड टेस्टमध्ये बॅक्टेरियाचा थेंब कोटिंगवर ठेवून वरून प्लास्टिकच्या फिल्मने झाकून ३५ डिग्रीला २४ तास ठेवतात आणि किती मेले ते मोजतात. चांदीवाल्या कोटिंगला ठीक आहे. पण टेट्राग्लाइम या मोनोमरपासून बनवतात तसं नुसतं चिकटू न देणारं कोटिंग असेल तर तिथे काहीच मरत नाही आणि चांगलं कोटिंग नापास होतं. त्याला चिकटण्याची टेस्ट लावा, आणि धुताना तुकडा पाण्यातून वर ओढून काढू नका, पाण्याची कड पृष्ठभागावरून सरकते तेव्हा चिकटलेले बॅक्टेरियाही खरवडून नेते. भांड्यातलंच पाणी हळूहळू बदला.

चांदीचं उलटं. मीडियातलं क्लोराइड आणि प्रोटीन चांदीला बांधून टाकतं, त्यामुळे पाण्यातला रिझल्ट आणि लघवीतला रिझल्ट यात जमीनअस्मानाचा फरक पडतो. आणि मोजणीच्या वेळी थायोग्लायकोलेटसारखं न्यूट्रलायझर (चांदीला निष्क्रिय करणारं) नसेल तर उतरलेली चांदी प्लेटवरही मारतच राहते. कृत्रिम लघवीत प्रोटियस मिराबिलिस हा बॅक्टेरिया घेऊन बघाच, तो युरिया फोडून पीएच वाढवतो, स्फटिक बसतात आणि एकदा त्यांनी कोटिंग झाकलं की खालची चांदी काय करणार.

स्टरलायझेशन टेस्टच्या आधी करा, नंतर नाही. अमाइनवाल्या फिल्मला इथिलीन ऑक्साइड लावलं तर ते अमाइनशीच रिअ‍ॅक्ट होतं, मग तुम्ही जे बनवलं ते पेशंटपर्यंत पोचतच नाही. हवेतही ही फिल्म दिवसेंदिवस ऑक्सिडाइज होत राहते, म्हणून डबीवर तारीख टाका आणि सगळे नमुने एकाच वयाचे तपासा. एल-९२९ या उंदराच्या पेशींवर आयएसओ १०९९३-५ (कोटिंग पेशींना विषारी आहे का ते बघणारी टेस्ट) ही सुरुवातीलाच लावा, बॅक्टेरिया मारणारं कोटिंग बनवणं त्यामानाने सोपं, पेशींना सोडून मारणारं अवघड.

एवढं सगळं करून आकडे वरखालीच येत असतील तर तुकडे कधी कापले ते विचारा. कोटिंग करून मग कापले असतील तर दोन्ही कडा कोऱ्या सिलिकॉनच्या, आणि छोट्या तुकड्यात कडांचा हिस्सा बराच असतो. आधी कापा, मग कोट करा, आणि कंट्रोल म्हणून नुसता आर्गॉन प्लाझ्मा मारलेला तुकडा व चांदी न घातलेली फिल्म असे दोन्ही ठेवा.