बास गरवायला स्वस्तात संवेदनशील कास्टिंग रॉड घेताय? या चुका टाळा

अमेरिकेत बास या गोड्या पाण्यातल्या माशाच्या मागे लागलेल्या आपल्या मंडळींचा प्रश्न ठरलेला असतो: शंभर-सव्वाशे डॉलरमध्ये सर्वांत संवेदनशील कास्टिंग रॉड (रील वरच्या बाजूला बसणारा) कोणता? उत्तरात एखाद्या ब्रँडचं नाव मिळतं, रॉड घरी येतो आणि तळावर बासने आमिष ओढलं तरी हाताला काही कळत नाही. अशा वेळी दोष बहुतेकदा ब्रँडचा नसतो. माशाचा धक्का शिशातून (आमिषाजवळच्या वजनातून) दोरीत, दोरीतून ती ओवायच्या कड्यांत, कड्यांतून ब्लँकमध्ये (रॉडच्या मूळ पोकळ काठीत) आणि तिथून बोटापर्यंत येतो. या वाटेवर एक जागा जरी सैल किंवा जड असली, तरी ब्लँकवर ओतलेले पैसे वाया जातात. बजेट कमी असेल तर ही वाट नीट समजून घेणं अधिकच गरजेचं.

सगळ्या आमिषांसाठी एकच ‘संवेदनशील’ रॉड

संवेदनशीलता खरी लागते ती तळावरून सरकवत आणायच्या आमिषांना: जिग (शिशाचं डोकं असलेला गळ), टेक्सास रिग, कॅरोलायना रिग (शिसं, गळ आणि रबरी आमिष यांच्या दोन जोडण्या). बास झटकन तोंड उघडतो, पाण्यासकट आमिष आत ओढतो आणि ते खाण्याजोगं वाटलं नाही तर तितक्याच झटकन थुंकतो. तेवढ्या वेळात तुम्हाला एक बारीक ‘टक’ जाणवतो, किंवा तोही नाही, नुसतं शिसं अचानक हलकं किंवा जड वाटतं. चांगला रॉड कामाला येतो तो इथे.

क्रँकबेट (माशाच्या आकाराचं कडक आमिष), स्पिनरबेट (फिरत्या पात्याचं आमिष) किंवा पाण्यावर चालणाऱ्या आमिषांवर मासा स्वतःच झडप घालतो. ते ओळखायला महाग ब्लँक लागत नाही. क्रँकबेटला तर ताठ, फास्ट (फक्त टोकाकडे वाकणारं) टोक नुकसानच करतं. ट्रेबल (तीन काट्यांच्या) गळाचे काटे बारीक असतात. टोकाने दबून दिलं नाही तर ते माशाचं तोंड फाडून सुटतात. तिथे ग्लास किंवा ग्लास-ग्राफाइट मिश्रणाचा, मध्यापर्यंत वाकणारा मॉडरेट रॉड बरा, आणि तो स्वस्तही मिळतो. अग्ली स्टिक जीएक्स२ हा असाच ग्राफाइट आणि ग्लास मिळून केलेला रॉड. दणकट आहे, आदळआपट सोसतो, पण टोक जड असल्याने टेक्सास रिगला बोथट वाटतो. म्हणून थोडे पैसे असतील तर ते तळावरच्या कामाच्या एका रॉडवर लावावेत आणि बाकीची आमिषं साध्या रॉडवर चालवावीत.

स्टिकरवरच्या आकड्यावर विश्वास

आयएम६, आयएम७, आयएम८, २४ टन, ३० टन, ४० टन. हे आकडे कार्बन फायबरच्या ताठपणाबद्दल असतात. आयएम६ आणि आयएम७ ही मुळात एका फायबर उत्पादकाच्या मालाची नावं. सर्व कंपन्यांना बांधील असा दर्जा त्यामागे नाही. एका कंपनीचा ‘आयएम८’ दुसरीच्या ‘आयएम७’पेक्षा चांगला असेलच असं नाही. टनाचा आकडा निदान मोजता येतो: २४ टन म्हणजे साधारण ३४ दशलक्ष पीएसआय (दर चौरस इंचाला पौंड), ३० टन म्हणजे सुमारे ४३, ४० टन म्हणजे सुमारे ५७. पण ब्लँकमध्ये एकाच प्रकारचं कापड असतं असं नाही. थोडं ४० टनाचं आणि बाकी २४ टनाचं वापरूनही स्टिकरवर मोठा आकडा छापता येतो.

जास्त टनाचं कापड ताठ असल्याने तोच ताठपणा कमी मालात मिळतो. ब्लँक हलका होतो, म्हणून धक्का चांगला कळतो. त्याची किंमत अशी, की भिंत पातळ होते आणि बारीकशा ओरखड्यावरूनही ब्लँक फुटू शकतो. शंभर डॉलरच्या आसपास ३० टनाचा नीट बनवलेला ब्लँक हा शहाणपणाचा सौदा. साठ डॉलरमध्ये ४० टनाची जाहिरात दिसली, तर कड्या, सीट (रील बसवायची जागा) आणि मूठ यांत काय वाचवलंय ते आधी पाहा.

पॉवर आणि ॲक्शन यांची गल्लत

पॉवर म्हणजे रॉड वाकवायला किती जोर लागतो ते. ॲक्शन म्हणजे तो कुठून वाकतो ते. फास्ट रॉड वरच्या एक-तृतीयांश भागात वाकतो, एक्स्ट्रा फास्ट त्याहून टोकाकडे, मॉडरेट मध्यापर्यंत. बजेटमधली नेहमीची चूक म्हणजे ‘जितका ताठ, तितका संवेदनशील’ असं समजून हेवी, एक्स्ट्रा फास्ट रॉड घेणं. मग ३/८ औंसाचं शिसं टाकताना टोक भरतच (वजनाने वाकतच) नाही, फेक तोकडी पडते, रीलमध्ये गुंता होतो आणि हलक्या आमिषाचा धक्का जाड टोकात विरून जातो.

‘मीडियम हेवी’ या शब्दाला सर्व कंपन्यांत एक अर्थ नाही, त्यामुळे शब्दाऐवजी मुठीजवळ छापलेली आमिषाच्या वजनाची मर्यादा वाचा. वजन मोजताना शिशाबरोबर गळ आणि रबरी आमिषही धरा. ३/८ औंसाचं शिसं म्हणजे १०.६ ग्रॅम, पण त्यावर सात इंची रबरी अळी आणि गळ चढवला की एकूण वजन ३/४ औंसाच्या, म्हणजे २१ ग्रॅमच्या आसपास जातं. जिगचंही तसंच, मागे लावलेलं रबर धरून हिशोब करायचा. तुमचं नेहमीचं एकूण वजन छापलेल्या मर्यादेच्या साधारण मध्यावर पडलं पाहिजे. ३/८ ते १ औंस आणि १२ ते २० पौंड दोरी असं लिहिलेला सात फुटी मीडियम हेवी फास्ट रॉड तळावरच्या बहुतेक कामांना पुरतो.

मॉडेलचा कोड वाचता आला तर दुकानात वेळ वाचतो. ‘७०एमएचएफ’ असं दिसलं की सात फूट शून्य इंच, मीडियम हेवी, फास्ट. डॉबिन्स या रॉड कंपनीची पद्धत वेगळी: ७०३सी म्हणजे सात फूट, पॉवर ३, कास्टिंग, ७३४सी म्हणजे सात फूट तीन इंच, पॉवर ४.

जागेचाही विचार करा. डॅलसच्या पूर्वेला लेक फोर्कमध्ये पाण्याखाली झाडांची खोडं उभी आहेत. तिथे मासा खोडाभोवती वळायच्या आत बाहेर खेचायचा असतो, म्हणून पॉवर एक पायरी वर घेतली तरी चालते. अटलांटाजवळच्या लेक लॅनियरच्या खोल, स्वच्छ पाण्यात स्पॉटेड बाससाठी बारीक दोरी आणि हलकी आमिषं चालतात. तिथे तोच रॉड जाडाभरडा वाटेल.

रील न लावता रॉड निवडणं

नुसता रॉड हातात घेऊन हलवला की सगळेच हलके वाटतात. स्वतःचं रील दुकानात न्या किंवा तिथलंच लावून मागा. सात फुटी रॉड साधारण १०० ते १४० ग्रॅमचा असतो, रील २०० ग्रॅमच्या आसपास. रील लावल्यावर रॉड एका बोटावर तोला. तोल रीलच्या पुढे एक-दोन इंचांत आला तर उत्तम. टोक खाली झुकत असेल तर दिवसभर मनगटाने ते उचलून धरावं लागेल, आणि आवळून धरलेल्या हाताला बारीक धक्का कळत नाही. मुठीच्या टोकाला वजन लावून तोल साधता येतो, पण टोकाचं जडपण त्याने जात नाही. तो इलाज घरात असलेल्या रॉडसाठी ठीक. नवा घेताना त्यावर भिस्त नको.

मग रॉड आडवा धरून एक झटका द्या आणि हात थांबवा. टोक दोन-तीन हेलकाव्यांत शांत झालं पाहिजे. बराच वेळ लटपटत राहिलं तर टोकाकडे वजन जास्त आहे, आणि माशाचा धक्का त्याच लटपटीत हरवणार. सोबत कुणी असेल तर त्याला टोकाच्या कडीवर नखाने हलकं खरवडायला सांगा, तुम्ही डोळे मिटून सीटवर बोट ठेवा. एकाच किमतीच्या दोन रॉडमधला फरक यात चांगला कळतो. टोक हातात धरून रॉड वाकवून मात्र बघू नका. रॉड तसा वाकण्यासाठी बनलेला नसतो, तिथेच मोडतो.

कड्या आणि सीटकडे दुर्लक्ष

टोकाकडच्या कड्यांचं वजन ब्लँकच्या टनाइतकंच महत्त्वाचं. तिथे वाढलेला एकेक ग्रॅम टोक मंद करतो. म्हणून टोकाकडे लहान, हलक्या कड्या असलेला साधा ब्लँक जड कड्यांच्या भारी ब्लँकला हरवू शकतो. सात फुटी कास्टिंग रॉडवर टोकाची धरून नऊ-दहा कड्या असाव्यात. कास्टिंगमध्ये दोरी वरच्या बाजूने जाते; कड्या कमी असल्या की रॉड वाकताच दोरी ब्लँकला घासते. दुकानात दोरी ओवून मित्राला हलकेच ओढायला सांगा, लगेच दिसेल. आतली रिंग अल्कोनाइट, झिर्कोनिया किंवा एसआयसी अशा कडक सिरॅमिकची असेल तर वेणीची (ब्रेडेड) दोरी निर्धास्त वापरा.

सीटमध्ये ब्लँक उघडा असेल तर बोट थेट त्यावर टेकतं. रील घट्ट बसवून मुरगळून पाहा. करकर ऐकू आली किंवा जराही हललं तर तो रॉड परत ठेवा, मग किंमत कितीही चांगली असो.

दोरीत काटकसर

नव्वद डॉलरच्या रॉडवर स्वस्त नायलॉन दोरी लावणं हा स्वस्तात संवेदनशीलता गमवायचा हमखास मार्ग आहे. नायलॉन ताणतं, लांब फेकीवर धक्का त्या ताणात जिरतो. तळावरच्या कामासाठी फ्लोरोकार्बनची दोरी घ्या: मोकळ्या पाण्यात १५ पौंड, झाडाझुडपांत १७ ते २० पौंड. त्याची घनता पाण्याच्या पावणेदोनपट असल्याने ते बुडतं आणि आमिषापर्यंत बऱ्यापैकी सरळ राहतं. वेणीची दोरी जवळजवळ ताणतच नाही, पण ती तरंगते. वाऱ्यात तिला पोट सुटतं आणि ढिल्या वेणीतून जवळपास काहीच कळत नाही. वेणी लावायचीच असेल तर पुढे दहा-पंधरा फूट फ्लोरोकार्बन जोडा, डबल युनी किंवा एफजी गाठीने.

शिसं बदलून टंगस्टन लावणं हा आणखी एक स्वस्त उपाय. त्याच वजनाचा टंगस्टन आकाराने लहान आणि शिशापेक्षा कितीतरी कडक असतो. दगडावर आपटला की धक्का बोथट न होता वर येतो. सव्वाशे डॉलर असतील तर शंभरचा रॉड आणि उरलेल्यात फ्लोरोकार्बन व टंगस्टन घ्या. संपूर्ण रक्कम रॉडवर घालण्यापेक्षा हे जास्त कामाचं.

रॉड चांगला, तरी काही जाणवत नाही?

आधी ढील तपासा. वारा असेल तर टोक पाण्याजवळ आणा किंवा वजन ३/८ वरून १/२ औंस करा. आमिष रीलने ओढू नका: टोक घड्याळातल्या नवापासून अकरापर्यंत हळू न्या, मग खाली आणताना सुटलेली ढील गुंडाळा. रील तळहातात घेऊन दोरी तर्जनी आणि अंगठ्यात हलकी धरा. रॉड आवळू नका.

मग हाताला शिकवा. होडी पाण्यात उतरवायच्या काँक्रीटच्या उतारावर अर्ध्या औंसाचं वजन टाकून ओढा, नंतर तेच चिखलात. खडीवर कोरडी टकटक येते, चिखलात मऊ ओढ, वेलींत रबरासारखा ताण, आणि लाकडावर वजन हळूहळू वाढून एकदम सुटतं. हे ओळखू आलं की यात न बसणारी प्रत्येक गोष्ट मासा समजून हिसका द्यायचा.

तरीही जमत नसेल तर रॉड तपासा: सीटची चकती ढिली आहे का, एखादी कडी हलते का, रिंग निघून पडली आहे का.

विकत घेण्याची वेळ आणि जुने रॉड

दर जुलैत ऑरलँडोला आयकास्ट प्रदर्शन भरतं, नवी मॉडेल्स तिथे जाहीर होतात. त्यानंतर आणि थंडीत जुन्या मॉडेल्सच्या किमती उतरतात. वरचे सगळे निकष पार करणारा मागच्या वर्षीचा रॉड उतरल्या किमतीत घेणं हाच बजेटमधला सर्वांत चांगला मार्ग. दोन तुकड्यांचा रॉड म्हणून नाक मुरडू नका. चांगल्या जोडाने फरक फारसा पडत नाही, आणि पुढेमागे महाराष्ट्रात नेऊन फ्रॉगवर (बेडकासारख्या आमिषावर) मरळ गरवायची असेल तर विमानप्रवासात तोच सोयीचा.

वापरलेला रॉड घेताना कापसाची काडी प्रत्येक रिंगमधून फिरवा. तंतू अडकले तर रिंग चिरलेली आहे. तोच कापूस ब्लँकवरून टोकापर्यंत न्या, जिथे अडकेल तिथे नखाने चाचपा. कडीच्या पायाशी लॅकरला चीर असेल तर ती दुरुस्त होते. ब्लँकला खाच असेल तर तो रॉड कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका. मोठा मासा लागला की नेमका तिथेच मोडतो. आणि घरी आणल्यावर गळ कडीत अडकवून ठेवू नका. त्यासाठी मुठीजवळ वेगळा हुक असतो. या सवयीनेही रिंगा चिरतात.