परदेशी नोकरीसाठी परिचारिकांनी कागदपत्रे कशी तयार करावीत

सोलापुरात जीएनएम (नर्सिंगची पदविका) किंवा बी.एस्सी. नर्सिंग करून परदेशी जाऊ इच्छिणाऱ्यांनी, एजंटाची पायरी चढण्यापूर्वी आणि भाषेच्या क्लासची फी भरण्यापूर्वीही, आपले नाव सर्व कागदांवर एकसारखे आहे का, हे तपासावे. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते, पासपोर्टात ते वेगळ्या रकान्यात जाते, लग्नानंतर मधले नावही बदलते; शिवाय पूर्व भागातील तेलुगू किंवा अक्कलकोटकडील कन्नड घरांत एका कागदावर इंग्रजीत लक्ष्मी ‘एक्स’ने, तर दुसऱ्यावर ‘के-एस-एच’ने लिहिलेली सर्रास आढळते. विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नावबदल यांच्या आधारे आधी पासपोर्ट आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंद जुळवून घ्यावी. गुड स्टँडिंग प्रमाणपत्रासाठी (नोंदणी वैध व निर्दोष असल्याचा कौन्सिलचा दाखला) अर्ज त्यानंतरच करावा.

दुसरी अडचण अनुभवपत्राची. त्यावर रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख, पद आणि वॉर्ड स्पष्ट हवेत. आखाती देशांसाठीची डेटाफ्लो ही कागदपत्र-पडताळणी थेट रुग्णालयाकडे विचारणा करते, आणि लहान नर्सिंग होममध्ये असा ई-मेल कोणी उघडतच नाही; म्हणून तेथील व्यवस्थापनाला आधीच कल्पना द्यावी. बाँड (ठरावीक काळ नोकरी करण्याचा करार) असल्यास तो पूर्ण करून कार्यमुक्तीचे पत्र घ्यावे.

देश ठरला की परीक्षा ठरते. ब्रिटनसाठी आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेत लेखनात 6.5 आणि उरलेल्या तीन भागांत प्रत्येकी 7 गुण, किंवा ओईटी (आरोग्य कर्मचाऱ्यांसाठीची इंग्रजी परीक्षा), आणि पुढे सीबीटी (संगणकावरची चाचणी) व ओस्की (प्रात्यक्षिक परीक्षा) लागतात. जर्मनीत पात्रतेला मान्यता मिळवण्यासाठी साधारणतः बी-2 (उच्च मध्यम) पातळीची जर्मन भाषा लागते, आणि नोकरी सांभाळून ती शिकायला वर्षाहून अधिक काळ सहज जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2023 च्या यादीत, मनुष्यबळाच्या टंचाईमुळे ज्या 55 देशांतून परिचारिकांसह आरोग्य कर्मचाऱ्यांची सक्रिय भरती टाळावी असे म्हटले आहे, त्यांत भारत नाही. याचा अर्थ आपल्याकडे मनुष्यबळ पुरेसे आहे असा कोणी काढू नये; सिव्हिल या सरकारी रुग्णालयात रात्रपाळी केलेल्यांना हे सांगावे लागत नाही.

एजंटाचे नाव परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट पोर्टलवर नोंदणीकृत आहे का, ते स्वतः पाहावे. 1983 च्या उत्प्रवास कायद्याखालील नियमांनुसार त्याला 30,000 रुपये आणि त्यावरील जीएसटी यांपेक्षा अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. रक्कम बँकेतूनच द्यावी, पावती घ्यावी, आणि मूळ प्रमाणपत्रे त्याच्याकडे ठेवू नयेत.