मॅस्टोमिसवर फायलेरियाचे प्रयोग करताना या चुका टाळा

कोकणातल्या वाड्यावस्त्यांवर हत्तीरोगाच्या, म्हणजेच फायलेरियाच्या, तपासणीसाठी आरोग्यसेवक रात्री घरोघर जाऊन बोटातून रक्ताचे थेंब घेतात, कारण इथल्या वुचेरेरिया बॅन्क्रॉफ्टी या कृमीची सूक्ष्म पिल्ले, म्हणजे मायक्रोफायलेरिया, रात्रीच रक्तात मोठ्या संख्येने उतरतात. हे पाहत वाढलेला विद्यार्थी संशोधनासाठी प्राणिगृहात आला की त्याची पहिली चूक नेमकी इथे होते: रात्रीचा हाच नियम इथेही चालेल असे तो धरून चालतो. वुचेरेरिया लहान कुरतडणाऱ्या प्राण्यांत आपले जीवनचक्र पूर्ण करत नाही; म्हणून मॅस्टोमिस या आफ्रिकी बहुस्तनी उंदरात ब्रुगिया मलायी हा वेगळा कृमी वाढवला जातो. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत अनेक वर्षे वापरात असलेल्या पद्धतीत या उंदराच्या शेपटीतून सुमारे १० मायक्रोलिटर रक्त दुपारी बारा ते एक या वेळात घेतले जाते. नमुने कधी दुपारी, कधी संध्याकाळी घेतले तर आकडे वेळेमुळे बदलतात आणि तो बदल औषधाच्या खात्यावर जमा होतो. आमच्याकडे एकदा औषध दिलेल्या गटाचे रक्त सायंकाळी आणि नियंत्रण गटाचे, म्हणजे औषध न दिलेल्या प्राण्यांचे, दुपारी घेतले गेले होते. तीन महिन्यांहून अधिक काळ सांभाळलेला तो संपूर्ण संच मला बाद करावा लागला, आणि त्यात वाया गेलेल्या प्राण्यांची आठवण मला आजही अस्वस्थ करते.

त्याहून खोल चूक प्राण्याच्या नावाची आहे. मादीच्या पोटावर छातीपासून मांडीपर्यंत स्तनाग्रांच्या रांगा असतात आणि त्यांच्या जोड्यांची संख्या साध्या उंदराच्या दुपटीपर्यंत जाऊ शकते; ‘मॅस्टोमिस’ हे नाव त्यावरूनच पडले. परंतु या वंशात अनेक जाती असून त्यातल्या मॅस्टोमिस नाटालेन्सिस आणि मॅस्टोमिस कूचा या दोन बाहेरून जवळजवळ सारख्या दिसतात. पूर्वीच्या शोधनिबंधांत सगळ्यांनाच नाटालेन्सिस म्हटले जात असे. पुढे गुणसूत्रे मोजली गेली, तेव्हा एकीत ३२ आणि दुसरीत ३६ आढळली आणि प्रयोगशाळांत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या कित्येक जुन्या वसाहती प्रत्यक्षात कूचाच्या असल्याचे लक्षात आले. हा भेद केवळ वर्गीकरणाचा नाही. दक्षिण आफ्रिकेत प्लेगच्या जंतूंपुढे कूचा लवकर बळी पडतो, तर नाटालेन्सिस बऱ्यापैकी टिकून राहतो. १९६९ मध्ये नायजेरियातल्या लासा गावी ओळखल्या गेलेल्या लासा तापाच्या विषाणूचा मुख्य वाहकही पश्चिम आफ्रिकेतला रानटी नाटालेन्सिस आहे. म्हणून जुन्या निबंधातला डोस किंवा संसर्गाचा कालावधी उचलण्यापूर्वी आपली वसाहत कोणत्या जातीची, कुठून आलेली आणि किती पिढ्या बंदिस्त आहे, हे लेखी मागवावे, आणि शंका राहिल्यास जात ओळखण्यासाठी सायटोक्रोम-बी जनुकाची तपासणी करून घ्यावी.

आता पावसाळ्याविषयी सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण देशावरच्या प्राणिगृहांसाठी लिहिलेल्या सूचना आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत अपुऱ्या पडतात. मार्गदर्शक तत्त्वांनुसार खोलीतली आर्द्रता ३० ते ७० टक्क्यांच्या दरम्यान असावी. किनाऱ्याजवळ मृगाचा पाऊस सुरू झाला की बाहेरची हवा ही मर्यादा सहज ओलांडते. अनेकजण वातानुकूलन यंत्राचे तापमान खाली आणून समाधान मानतात. त्यामुळे खोली थंड होते, पण आर्द्रता मर्यादेत राहीलच असे नसते. आर्द्रता कमी करणारे स्वतंत्र यंत्र आणि रोज दोनदा केलेली नोंद, याला पर्याय नाही. वीज गेल्यावर ही यंत्रे जनित्रावर चालतात का, हे मे महिन्यातच तपासून घ्यावे. पिंजऱ्यात अंथरण्यासाठी गिरणीतून मिळणारा भाताचा तूस स्वस्त आहे, पण तो धुळकट असतो आणि अर्धवट वाळवून पसरला तर पिंजऱ्यात अमोनियाचा वास साठून प्राण्यांच्या श्वसनमार्गाला त्रास होतो. ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून, काढलेला तूस पूर्ण कोरडा झाल्याशिवाय पोत्यात भरू नये. खाद्याच्या गोळ्यांना बुरशी लागली की अफ्लाटॉक्सिन या तिच्या विषामुळे यकृत बिघडते आणि पुढे तोच बिघाड औषधाची विषबाधा म्हणून नोंदवला जाण्याची भीती असते. म्हणून पावसाळ्यात खाद्य थोडे थोडे मागवावे. गटारातून शिरणाऱ्या घुशी आणि घरउंदीर यांना प्राणिगृहापासून दूर ठेवणे इथे विशेष महत्त्वाचे आहे, कारण आपल्या भागात उंदरांच्या मूत्रातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस दर पावसाळ्यात डोके वर काढतो.

हाताळणीत घाई करू नये. हा प्राणी पांढऱ्या उंदरापेक्षा चपळ आणि चावरा आहे. शेपटीच्या टोकाला धरून उचलल्यास तिची कातडी सोलून निघू शकते. शेपटीच्या मुळाशी आधार देऊन आणि दुसऱ्या हाताने मानेमागची कातडी पकडून त्याला स्थिर करावे.

वयाकडे दुर्लक्ष केल्यास वेगळीच फसगत होते. प्रयोगशाळेतल्या म्हाताऱ्या मॅस्टोमिसच्या जठरात कार्सिनॉइड (संप्रेरके स्रवणाऱ्या पेशींच्या) जातीच्या गाठी आपोआप होतात. हिस्टामिनशी संबंधित पेशींपासून उगवणाऱ्या या गाठींमुळेच हा प्राणी जठराच्या संशोधनात प्रसिद्ध झाला. आम्ल कमी करणारी औषधे गॅस्ट्रिन हे जठराचे संप्रेरक वाढवून त्या गाठींना चालना देतात. तेव्हा फायलेरियाच्या दीर्घ प्रयोगात नियंत्रण गट समवयस्क असावा आणि शवविच्छेदनात जठर उघडून पाहावे. तसेच साध्या उंदरासाठी बनवलेली प्रतिपिंडांची किट मॅस्टोमिसच्या प्रथिनांना चिकटतीलच, असे गृहीत धरू नये. आधी चाचणी करावी.

संसर्गासाठी लागणाऱ्या कृमीच्या तिसऱ्या अवस्थेच्या अळ्या संसर्ग झालेल्या मॅस्टोमिसचे रक्त प्यायलेल्या एडीस इजिप्ती डासांत साधारण नऊ-दहा दिवसांत तयार होतात. ब्रुगिया मलायी माणसालाही होतो, म्हणून डासघराला दोन दारे, त्यांच्यामधली जाळीची खोली आणि मोजून ठेवलेले डास, यात सवलत घेऊ नये. संसर्ग दिल्यानंतर रक्तात मायक्रोफायलेरिया दिसायला सुमारे तीन महिने लागतात. त्याआधी स्लाइड कोरी दिसली म्हणून प्राणी टाकून देणाऱ्यांना, आणि शवविच्छेदनात फक्त लसीका ग्रंथी तपासून ‘कृमी नाहीत’ असे लिहिणाऱ्यांना, माझी आग्रहाची विनंती आहे की त्यांनी हृदय, फुप्फुसे आणि वृषणे मिठाच्या सौम्य द्रावणात उघडून नीट पाहावीत. या प्राण्यात प्रौढ कृमी बहुधा तिथेच सापडतात.