मेळघाटात इंटर्नशिपला जाताय? आधी एथिक्सचं बघा

टोपी, ओआरएस, पॉवर बँक हे सांगत बसत नाही, ते आईच भरून देईल. मुद्द्याचं म्हणजे एथिक्स कमिटीची, म्हणजे माणसांवरचा अभ्यास नैतिक आहे ना हे तपासणाऱ्या समितीची, मंजुरी. मागच्या मे महिन्यात मी आदिवासी आणि बिगर-आदिवासी मुलांच्या कुपोषणातला फरक बघायला धारणी तालुक्यात गेले, घरोघर हिंडून १८० फॉर्म भरले आणि त्यातला एकही वापरता आला नाही. रक्त काढायचं नाही, सुई टोचायची नाही, नुसता पट्टीनं दंडाचा घेर मोजायचा, त्याला कसली मंजुरी, असं वाटलं होतं. लागते!! सूट द्यायची की नाही हेसुद्धा कमिटीच ठरवते, तुम्ही नाही आणि गाईडही नाही, आणि मागाहून मिळत नाही म्हणजे नाही.

म्हणून फेब्रुवारीतच पुढची मीटिंग कधी ते विचारा, काही ठिकाणी कमिटी तीन-तीन महिन्यांनी बसते. प्रोटोकॉल (अभ्यासाचा आराखडा), प्रश्नावली, माहितीपत्रक, संमतीपत्र, सगळं एकदम द्या, नाहीतर एका सहीसाठी फाईल परत येते. संमतीपत्र मराठीत असलं की झालं असं समजू नका, कोरकू आदिवासींच्या एका घरात आजीनं माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "रेशनचं का?" तेव्हा कोरकू बोलणारी आशाताई सोबत हवीच, आणि अंगठा असेल तर साक्षीदाराची सही.

मे महिन्यात तेंदूपत्त्याची तोडणी असते, पहाटेच घर रिकामं, त्यामुळे संध्याकाळी जा. काही घरांना तर कुलूपच, मजुरीला बाहेर गेलेली. त्यांची नोंद ठेवा, सगळ्यात गरीब बहुतेक तीच, ती सुटली की फरक आहे त्यापेक्षा कमी दिसतो.

दंडाची पट्टी ६ महिने ते ५ वर्षांच्या मुलांसाठी. घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आला, म्हणजे तीव्र कुपोषण, तर नुसतं लिहून पुढे जाऊ नका, त्याच दिवशी अंगणवाडी ताईंना सांगा.

जिल्हा आरोग्य अधिकारी आणि धारणीचं आदिवासी प्रकल्प कार्यालय, दोन्हीकडे पत्र द्या, पण हे पण मंजुरीनंतरच, कळलं ना? फॉर्म ऑफलाइन चालणाऱ्या ॲपवर घ्या, नेटवर्कचा भरवसा नाही. राहायचं, गाडीचं गाईडला विचारा. कॅश परतवाड्यालाच काढा. आणि मंजुरीच्या पत्राच्या तीन झेरॉक्स, प्लास्टिकच्या पिशवीत.